टपाल तिकिटांवरची राजचिन्हं: मुद्रा, लांछन आणि ढाल

पंचगंगाकाठ (कोल्हापूर)

तिकिटं जमवणारे बहुतेक जण आधी राजाचा चेहरा बघतात, मग देश, मग किंमत. चेहऱ्याच्या जागी ढाल, गरुड, शंख किंवा कट्यार असली की पान उलटतं. मला मात्र हीच तिकिटं सगळ्यांत जास्त आवडतात, कारण राज्य स्वतःला काय समजतं ते या एवढ्याशा कागदावर ठरवून छापलेलं असतं. आपल्या हिंदुस्थानी संस्थानांच्या तिकिटांत तर हा खजिनाच आहे, आणि त्यावर मराठीत फारसं कुणी सविस्तर लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. म्हणून हा धागा.

आधी ढोबळ ओळख. त्रावणकोरनं १८८८ मध्ये पहिली तिकिटं काढली, त्यावर शंख. पद्मनाभस्वामींच्या दारातलं राज्य, दुसरं काही येणारच नव्हतं. शेजारच्या कोचीननं १८९२ मध्ये छत्री घेतली. जयपूरच्या १९०४ च्या तिकिटावर सूर्याचा रथ आहे, कारण कछवाहे स्वतःला सूर्यवंशी म्हणवतात. दतियाच्या तिकिटावर गणपती. अलवर आणि नवानगर या दोघांनी १८७७ मध्ये कट्यार छापली. बुंदीनंही आधी कट्यारच वापरली, पण १९१४ मध्ये गाईंचं रक्षण करणारा राजा आणला. काठेवाडातल्या छोट्याशा वढवाणनं १८८८ मध्ये अर्ध्या पैशाच्या तिकिटावर संस्थानाचं संपूर्ण मानचिन्ह (कोट ऑफ आर्म्स) बसवलं.

आता माझा मूळ मुद्दा. मराठी संस्थानांची तिकिटं यांच्याशेजारी ठेवली की वेगळेपण लगेच दिसतं. भोरचं १८७९ चं तिकीट बघा. देशी कागद, त्यावर हातानं मारलेला लाल ठसा, अर्धा आणा आणि एक आणा एवढ्या दोनच किमती. त्यावर प्राणी नाही, शस्त्र नाही, ढाल नाही. फक्त देवनागरी अक्षरं. इंदूरचं १८८९ चं अर्ध्या आण्याचं तिकीटही तसंच, गोल काळा ठसा. धारचं १८९७ चं तिकीट छापखान्याच्या खिळ्यांनी जुळवलेल्या देवनागरी अक्षरांचं, भोवती नक्षीची चौकट, आणि ते खरं म्हणून पटावं यासाठी वर काळा लंबगोल शिक्का.

मला यात आपल्या कागदपत्रांची जुनी रीत दिसते. मराठेशाहीत पत्र खरं ठरायचं ते मुद्रेनं आणि मोर्तबानं (पत्राच्या शेवटी उठवायच्या शिक्क्यानं), आणि दोन्हींवर मजकूर असायचा. शिवछत्रपतींची अष्टकोनी मुद्रा म्हणजे 'प्रतिपच्चंद्रलेखेव' हा श्लोक, आणि पत्र संपल्याची खूण 'मर्यादेयं विराजते'. राज्याची ओळख चित्रात नव्हे, अक्षरांत. भोरच्या पंत सचिवांच्या कचेरीत तिकीट काढायचं ठरलं तेव्हा ज्या हातांना शिक्का मारायची सवय होती, त्यांनी शिक्काच मारला.

आणि मग धारनं लगेच पुढच्याच वर्षी, १८९८ पासून, पाश्चात्त्य धर्तीचं मानचिन्ह तिकिटावर आणलं. एकाच संस्थानात, एकाच पिढीच्या हातून, शिक्क्याकडून ढालीकडे. हा बदल अल्बमच्या एका पानावर शेजारी शेजारी लावून दाखवता येतो. मराठी संस्थानांवरची, तिकीट प्रदर्शनात मांडायची पानांची एक फ्रेम मी तयार करतोय, तिचा कणा हाच असेल. तुमच्याकडे काय आहे, तुम्ही काय म्हणता, जरूर लिहा.

तांबडापांढरा

लई भारी धागा, दादा. एक शंका आहे. मी लक्ष्मीपुरीत एका जुन्या नाण्यांच्या दुकानातून 'कोल्हापूर' असं छापलेली काही तिकिटं घेतली. दुकानदार म्हणाला, 'संस्थानाची टपाल तिकिटं, दुर्मिळ आहेत.' तुमच्या यादीत कोल्हापूर नाही. राहून गेलं का?

पंचगंगाकाठ

राहून गेलं नाही भावा, कोल्हापूर संस्थानानं टपाल तिकिटं काढलीच नाहीत. १९ तोफांच्या सलामीचं संस्थान, पण इथल्या पत्रांवर हिंदुस्थान सरकारचीच तिकिटं लागत. यात कमीपणा नाही. २१ तोफांच्या बडोद्याचीही टपाल तिकिटं नाहीत. म्हैसूरचं 'अंचे' नावाचं स्वतःचं टपाल होतं, तरी तिकीट नाही. उलट वढवाण, जसदण अशा चिमुकल्या संस्थानांची आहेत. तिकीट असणं-नसणं टपालाची व्यवस्था कुणाकडे होती त्यावर ठरत होतं, मानमरातबावर नाही.

तुमच्याकडची तिकिटं कोर्ट फीची किंवा महसुलाची असणार. नीट बघा: 'कोर्ट फी' असे शब्द कुठे आहेत का, किंमत रुपयांत आहे का, आणि रद्द कशानं केलंय? गोल टपाली शिक्क्याऐवजी शाईची सही, फुली किंवा पंचनं पाडलेलं भोक असेल तर ते कचेरीतलं तिकीट. त्यालाही मोल आहे, आणि माझ्या दृष्टीनं कोल्हापूरकरानं ते आवर्जून जपावं. फक्त टपाल तिकीट म्हणून जास्तीचे पैसे मोजू नका.

सीमाभाग

वरच्याला जोडून एक कळकळीची विनंती. जुन्या खरेदीखतांवरची, दाव्यांच्या अर्जांवरची ही तिकिटं लोक कापून काढतात आणि कागद रद्दीत घालतात. कृपया असं करू नका. कागदावर गाव असतं, पेठ असते, साल असतं, कशासाठी किती फी भरली ते असतं. कापलेल्या तिकिटातून यातलं काहीच कळत नाही. आमच्या भागात वाटण्या झाल्या की माळ्यावरच्या पेट्या रिकाम्या होतात, आणि मोडीतले कागद 'वाचता येत नाहीत' म्हणून पहिले जातात. कागद अख्खा ठेवा, घडी उघडून सपाट ठेवा, सेलोटेप लावू नका.

अक्षरवेल

पंचगंगाकाठ, धागा फार आवडला, पण 'ओळख चित्रात नव्हे, अक्षरांत' हे मला थोडं अपुरं वाटतं. चित्राची परंपराही आपलीच आहे, आणि ती तुमच्या कोल्हापुरातच आहे. कोल्हापूरचे शिलाहार स्वतःला 'सुवर्णगरुडध्वज' म्हणवत. त्यांच्या ताम्रपटांवर गरुड आहे. बदामीच्या चालुक्यांचं लांछन, म्हणजे घराण्याची खूण, वराह, विजयनगरच्या नाण्यांवर गंडभेरुंड (दोन डोक्यांचा पक्षी), आणि तोच पुढे म्हैसूरच्या वडियारांचं राजचिन्ह झाला. म्हणजे राजघराण्याचं चित्ररूप लांछन असणं ही युरोपातून आलेली कल्पना नाही. तिथून आली ती मांडणी: मध्ये ढाल, दोन्हीकडे तिला आधार देणारे प्राणी, वर शिरस्त्राण किंवा मुकुट, खाली फितीवर ब्रीद.

ही मांडणी आपल्याकडे सरसकट कधी आली त्याचीही तारीख सांगता येते. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात लॉर्ड लिटननं संस्थानिकांना रेशमी निशाणं दिली आणि प्रत्येकावर त्या त्या घराण्याचं मानचिन्ह होतं. ती रॉबर्ट टेलर नावाच्या बंगाल सिव्हिल सर्व्हिसमधल्या अधिकाऱ्यानं रचली होती. कित्येक घराण्यांना ढालीतलं चिन्ह पहिल्यांदाच मिळालं. त्यानंतर ते वाड्यांच्या दारांवर गेलं, पत्रांच्या कागदांवर गेलं, चांदीच्या भांड्यांवर गेलं, आणि तिकिटांवरही. धारचं १८९८ आणि वढवाणचं १८८८ मला याच ओळीत दिसतं.

पंचगंगाकाठ

अक्षरवेल, लांछनाची भर फार मोलाची आहे. मग फ्रेमचे तीन भाग पडतात: मुद्रा, लांछन, ढाल. त्रावणकोरचा शंख आणि कोचीनची छत्री मधल्या भागात जातील. तिथे चिन्ह देवळातून आणि दरबारातून आलंय, तिकिटावर त्याला ढालीची गरज भासलेली नाही.

दोन्ही संस्थानांनी तेच चिन्ह कागदातही घातलं हे तर मला विलक्षण वाटतं. त्रावणकोरच्या कागदात शंखाचं जलचिन्ह (कागद उजेडासमोर धरला की दिसणारी खूण), कोचीनच्या कागदात छत्रीचं. पुढे दोन्ही राज्यं एक झाल्यावर १९५० मध्ये त्रावणकोर-कोचीनची जी तिकिटं निघाली त्यांतल्या एकावर पुन्हा शंखच आहे.

जलचिन्ह_शोधक (सांगली)

जलचिन्हाचा विषय निघालाय तर हिंदुस्थानच्या तिकिटांवरच्या पहिल्या मानचिन्हाबद्दल लिहितो, कारण ते समोरून दिसतच नाही. १८५४ ची व्हिक्टोरिया राणीची शिळाछाप तिकिटं ज्या कागदावर छापली, त्या कागदात ईस्ट इंडिया कंपनीचं मोठं मानचिन्ह जलचिन्ह म्हणून होतं. संपूर्ण ताव मिळून एक चिन्ह. त्यामुळे सुट्ट्या तिकिटात त्याचा एखादा तुकडाच येतो, रेघेचा वळसा किंवा प्राण्याच्या अंगाचा भाग. कित्येक तिकिटांत काहीच येत नाही. समोर राणीचा चेहरा आणि कागदाच्या पोटात कंपनीचं चिन्ह, आणि पुढच्या चारच वर्षांत कंपनीचं राज्य संपलं.

त्याच्याही आधी १८५२ चं 'सिंध डाक'. सिंधचे कमिशनर बार्टल फ्रियर यांनी काढलेलं, आशियातलं पहिलं चिकट टपाल तिकीट. त्यावर कंपनीची व्यापारी खूण आहे, हृदयाच्या आकारात तीन भाग आणि त्यांत कंपनीची आद्याक्षरं. पेढीचे गठ्ठे ओळखायला मारतात तसली खूण राज्याच्या टपालावर! हेच फ्रियर सिंधला जाण्याआधी आपल्या साताऱ्याला रेसिडेंट होते. सातारा खालसा झालं तेव्हा तिथेच होते.

एक सावधगिरी. जलचिन्ह बघायला काळ्या ताटलीत बेंझिनचे थेंब टाकायची रीत आहे. संस्थानी तिकिटांवर ती वापरू नका, पाण्यात तर मुळीच बुडवू नका. बरीचशी बिनगोंदाची आहेत, हातशिक्क्यांची शाई पसरते, आणि जम्मू-काश्मीरची काही जुनी तिकिटं चक्क जलरंगात छापलेली आहेत. उजेडासमोर तिरपं धरा, तेवढं पुरे.

गगनबावडा

मी शाळेत चित्रकला शिकवते. मुलांना घेऊन न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात जाते, तेव्हा तिथल्या ढाली-तलवारी आणि काचचित्रं बघून मुलं विचारतात की हे रंग का निवडले. तिकिटांवरची चिन्हं तर बहुतेक एकरंगीच असतात. मग ढालीचा खरा रंग कसा कळायचा? तो कुठे लिहिलेला असतो का?

अक्षरवेल

ताई, अगदी नेमकं विचारलंत. लिहिलेला नसतो, रेघांत असतो. कोरीव छपाईत रंग दाखवता येत नसल्यामुळे सतराव्या शतकात रेघांची पद्धत रूढ झाली. सिल्व्हेस्टर पेत्रा सांक्ता या जेझुइट पाद्र्याच्या १६३८ च्या ग्रंथामुळे ती सगळीकडे पोचली, म्हणून तिला त्याचंच नाव आहे. उभ्या रेघा म्हणजे लाल. आडव्या म्हणजे निळा. बघणाऱ्याच्या डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या तिरप्या रेघा म्हणजे हिरवा. उभ्या-आडव्या मिळून जाळी म्हणजे काळा. ठिपके म्हणजे सोनेरी, आणि कोरी जागा म्हणजे रुपेरी.

मुलांना भिंग द्या आणि एखादं जुनं युरोपीय तिकीट द्या. हिरव्या शाईत छापलेल्या तिकिटावरची ढाल मुळात लाल आहे हे त्यांनी स्वतः शोधून काढलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतील. शाईचा रंग किमतीप्रमाणे ठरतो, ढालीचा रंग रेघांप्रमाणे.

अजून एक नियम सांगा. सोनेरी-रुपेरी हे धातू, बाकीचे रंग. धातूवर धातू ठेवायचा नाही, रंगावर रंग ठेवायचा नाही. लांबून रणांगणात ओळखू यावं म्हणून ही काळजी. स्विस ध्वजाचा लालवर पांढरा क्रूस याच नियमात बसतो. स्वित्झर्लंडनं १८५० च्या 'रायोन' तिकिटांत तेवढी छोटी ढाल लाल छापण्यासाठी दुसऱ्या रंगाची शाई वापरली, इतकं त्यांना ते महत्त्वाचं वाटलं.

आपल्या संस्थानी तिकिटांवर मात्र रेघांचा हा अर्थ लावत बसू नका. स्थानिक कोरणाऱ्यानं पुष्कळदा नुसती छाया म्हणून रेघा ओढलेल्या असतात.

रंकाळा_संध्याकाळ

युरोपचा विषय निघालाय म्हणून माझी आवडती तिकिटं सांगते. बाझलचं १८४५ चं कबुतर: पांढरं कबुतर उठावाचं, चोचीत पत्र, भोवती लाल-निळा रंग, वर शहराचं चिन्ह असलेला धर्मदंड. तीन रंगांत, तेही तिकीट नावाची वस्तू जन्माला येऊन पाचच वर्षं झाली होती तेव्हा. जिनिव्हाच्या १८४३ च्या जोड तिकिटावर अर्धा गरुड आणि किल्ली. पोपच्या राज्याची १८५२ ची तिकिटं, त्यावर आडव्या-तिडव्या किल्ल्या आणि तिहेरी मुकुट. मोल्दाव्हियाची १८५८ ची बैलाची डोकी, शिंगांच्या मध्ये तारा आणि खाली टपालाचं शिंग. ही हातानं छापलेली आहेत. भोरशेजारी ठेवून बघा, दोघांची धाटणी केवढी जवळची वाटते.

पण गोष्ट म्हणून सगळ्यांत भारी नेपल्सची. १८५८ च्या तिकिटांवर बूर्बाँ घराण्याची लिलीची फुलं, नेपल्सचा घोडा आणि सिसिलीची तीन पायांची त्रिनाक्रिया. १८६० मध्ये इटलीच्या एकीकरणाचा सेनानी गॅरिबाल्डी आला, राजा गेला, पण तिकीट तर हवंच. मग जुन्याच प्लेटवर किमतीचं एक अक्षर बदललं आणि निळ्या शाईत अर्ध्या टोर्नेझेचं (तिथल्या लहान नाण्याचं) तिकीट काढलं. पळालेल्या राजाचं मानचिन्ह नव्या राजवटीच्या टपालावर फिरू लागलं. थोड्याच दिवसांत ते चिन्ह प्लेटवरून खरवडून तिथे नव्या राजाच्या सावॉय घराण्याचा क्रूस कोरला. दोन्ही तिकिटं शेजारी ठेवली की सत्तापालट डोळ्यांसमोर घडतो.

आणि कमी पैशांत मानचिन्हं जमवायची असतील तर स्पेनची १९६२ ते १९६६ ची प्रांतांच्या राजधान्यांची मालिका घ्या, किंवा फ्रान्सच्या प्रांतांची आणि शहरांची. रंगीत आहेत, सहज मिळतात, मुलांना शिकवायलाही उत्तम. ब्रिटननं १९८४ मध्ये कॉलेज ऑफ आर्म्स या मानचिन्हांचा कारभार बघणाऱ्या संस्थेला ५०० वर्षं झाली म्हणून चार तिकिटं काढली, तीही सुरेख आहेत. रशियातल्या जिल्ह्यांची 'झेम्स्त्वो' तिकिटं हा वेगळाच समुद्र आहे. १८६५ पासून क्रांतीपर्यंत जिल्ह्याजिल्ह्यानं आपापली तिकिटं काढली आणि त्यांतल्या कित्येकांवर जिल्ह्याचं चिन्ह आहे. एकदा त्यात शिरलात की परत येणं अवघड.

तांबडापांढरा

दादा, तिकिटं तपासली. 'कोर्ट फी' आहेच, आणि दोनांवर पंचचं भोक. तुमच्या फ्रेममध्ये कोल्हापूर येणारच नाही असं मात्र नको. आपल्या गावातल्या माणसानं मराठी संस्थानांची फ्रेम करायची आणि त्यात करवीर नाही, हे बरं दिसत नाही.

जलचिन्ह_शोधक

येऊ शकतं, फक्त वर्ग नीट निवडावा लागेल. पारंपरिक टपाल वर्गात कोर्ट फीला जागा नाही. महसुली तिकिटांचा स्वतंत्र वर्ग आहे, पण तिथे भोरची टपाल तिकिटं बसणार नाहीत. खुल्या म्हणजे ओपन फिलाटेली वर्गात निम्म्यापर्यंत तिकिटाबाहेरचं साहित्य चालतं. तिथे मोडी कागद, शिक्क्याचा ठसा, दरबारी पाकीट, छायाचित्र, सगळं घेता येतं, पण प्रत्येक वस्तूनं गोष्ट पुढे नेली पाहिजे. नुसती शोभेला ठेवलेली वस्तू परीक्षकांना लगेच दिसते. १६ पानांची एक फ्रेम या विषयाला पुरेल.

आणि करवीरला टपालातही जागा आहेच की. कोल्हापूरचा शिक्का बसलेलं व्हिक्टोरिया, एडवर्ड किंवा जॉर्जचं तिकीट शोधा, शक्यतो पाकिटासकट. पाकीट दरबाराचं असेल तर मागची झाप आधी बघा. संस्थानी दरबारांच्या पाकिटांवर उठावाचं राजचिन्ह बरेचदा तिथेच असतं, आणि विकणारा समोरच्या बाजूचाच फोटो टाकतो.

सीमाभाग

शेवट कुठे करणार? माझ्या मते १९४७ वर करा. १५ डिसेंबर १९४७ चं दीड आण्याचं अशोकस्तंभाच्या सिंहांचं तिकीट, कोपऱ्यात 'जय हिंद'. सिंहमुद्रा देशाचं अधिकृत राजचिन्ह झाली ती २६ जानेवारी १९५० ला, म्हणजे तिकिटावर ती दोन वर्षं आधीच आली होती. पुढे सरकारी कामाच्या 'सर्व्हिस' तिकिटांवरही तीच आली. या सिंहांना ढाल नाही, शिरस्त्राण नाही. सारनाथच्या दगडातून सरळ कागदावर. अक्षरवेल म्हणतात त्या लांछनाच्या परंपरेतलंच ते आहे, आणि राजचिन्हात खाली 'सत्यमेव जयते' हे मुंडक उपनिषदातलं वचन आहे, म्हणजे अक्षरही आलं. छपाई आपल्या नाशिकची.

१ मार्च १९४९ ला कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं. त्या सुमारास कोल्हापूरहून गेलेलं, सिंहाचं तिकीट लावलेलं पत्र मिळालं तर तुमचं शेवटचं पान तयार.

अक्षरवेल

सीमाभागांच्या सूचनेला माझं पूर्ण अनुमोदन. शिवाय अक्षरांची परंपराही थांबलेली नाही. २ सप्टेंबर २०२२ ला नौदलाचा नवा ध्वज आला, त्यातला अष्टकोन शिवछत्रपतींच्या मुद्रेवरून घेतलाय आणि त्याच्या आत सिंहमुद्रा आहे. मुद्रेचा आकार आणि लांछन, दोन्ही एकाच चिन्हात. पण ते फ्रेमच्या प्रस्तावनेत एका ओळीत सांगा, पान खर्च करू नका.

पंचगंगाकाठ

सगळ्यांचे आभार. ठरवलेलं असं: वर्ग खुला. पहिल्या पानावर मोडी कागदावरचा मुद्रेचा ठसा आणि शेजारी भोर १८७९. मग इंदूर, मग धारची दोन तिकिटं एकाच पानावर, मध्ये १८७७ च्या निशाणांबद्दल चार ओळी. त्यानंतर शंख, छत्री, कट्यार, रथ. मोल्दाव्हियाचं तिकीट विकत घेणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे, त्यामुळे भोरशेजारची तुलना छायाचित्रावर भागवावी लागेल, आणि ते छायाचित्र आहे असं खाली स्पष्ट लिहीन.

करवीरची तीन पानं. एक अख्खा कोर्ट फीचा कागद, कापलेला नाही. तांबडापांढरा, तुमच्याकडे तसा अख्खा असेल तर दोन्ही बाजू स्कॅन करून पाठवा, श्रेय तुमच्या नावानं छापीन. दुसऱ्या पानावर कोल्हापूरचा शिक्का असलेलं पाकीट, माझ्याकडे एडवर्डच्या काळातलं आहे. तिसऱ्यावर राजर्षी शाहू महाराजांचं १९७९ चं २५ पैशांचं तिकीट घेणार आहे. संस्थानाच्या काळात कोल्हापूरच्या छत्रपतींना टपाल तिकिटावर जागा नव्हती, ती देशाच्या टपालानं दिली, म्हणून ते पान सिंहाच्या पानाच्या लगेच पुढे येईल.

गगनबावडा ताई, मुलांसाठी रेघांचा एक तक्ता करून देतो, भिंगांची सोयही होईल. धारच्या १८९७ च्या तिकिटावर लंबगोल शिक्का स्पष्ट उठलेली प्रत मला अजून मिळालेली नाही, माझ्याकडच्या प्रतीत तो निम्मा तिकिटाबाहेर गेलाय. कुणाकडे चांगली प्रत असेल तर व्यक्तिगत निरोप करा, अदलाबदलीसाठी कोचीनची छत्रीची तिकिटं देऊ शकेन.